दप्तरशोधाच्या प्रवासांत बाळगावयाचीं फोन-दुरुस्तीचीं साधनें

जुन्या काळच्या कारकुनाचें कलमदान ज्यांनीं पाहिलें आहे त्यांच्या ध्यानांत असेल कीं, दौत व बोरू यांच्या जोडीस त्यांत एक लहानसा चाकूहि असे. लिहितां लिहितां बोरूचें टोक झिजे आणि तें पुन्हां तासल्यावांचून अक्षर नीट उमटत नसे. लिहिण्याचें साधन आणि त्या साधनास कामास लावणारें दुसरें साधन, अशीं दोन्हीं बरोबर असल्याखेरीज स्वारीवर निघालेल्या कारकुनाचें काम चालण्यासारखें नव्हतें. आज गांवोगांव दप्तरें शोधीत हिंडणाऱ्या संशोधकाचा बोरू म्हणजे त्याच्या खिशांतील फोन होय. बोरू सर्वांपाशीं आहे. चाकू मात्र फार थोड्यांच्या पिशवींत आढळतो. तो चाकू कोणता, किती बाळगावा व कधीं चालवावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा विषय त्रैमासिकाच्या कक्षेबाहेरचा आहे अशी शंका कांहीं वाचकांस येईल. तिचें निरसन आरंभींच करतों. कै. वि. का. राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला, आणि १९२६ सालीं धुळें येथें त्यांचा अंत झाला. मधल्या काळांत कागदांसाठीं त्यांनीं केलेली पायपीट सर्वश्रुत आहे. त्या वेळीं मूळ कागद मागून आणणें किंवा बसल्या जागीं हातानें नक्कल उतरून घेणें हे दोनच मार्ग बहुधा मोकळे असत. आतां तिसरा मार्ग निघाला आहे. कागद घराबाहेर जात नाहीं, धन्याचा जीव टांगणीस लागत नाहीं, आणि एका दिवसांत शेंकडों पृष्ठांचीं छायाचित्रें फोनांत उतरतात. परंतु ह्याच सोयीचा परिणाम असा कीं, मूळ कागद पुढें नाहींसा झाला तर त्याची एकुलती एक नक्कल कोणाच्या तरी फोनांत उरते. ज्या यंत्रांत अशी नक्कल आहे त्या यंत्राची निगा ही ऐतिहासिक साधनाचीच निगा होय.

या विषयाकडे आमचें लक्ष जाण्यास कारण झालेला प्रसंग येथें सांगणें अवश्य आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही सातारा जिल्ह्यांतील एका खेड्यांत गेलों होतों. वाड्याच्या मालकीणबाई ऐंशीच्या घरांत पोंचलेल्या. माळ्यावरचे दोन रुमाल त्यांनीं स्वतः उभ्या राहून खालीं काढविले आणि म्हणाल्या, “आज दिवसभर बसा, काय टिपायचं तें टिपून घ्या. उद्यां धाकटा यायचा आहे. मग मला कांहीं सांगतां यायचं नाहीं.” दुपारीं तीनच्या सुमारास तीनशेंच्या आसपास कागद झाले, दीडशें उरले. बॅटरी उतरली म्हणून फोन पॉवर बँकेस जोडला, तों वीज चढेना. केबल घट्ट बसेना. ती दाबून पाहिली, उलटी करून पाहिली, दोऱ्यानें बांधून पाहिली, सर्व व्यर्थ. फोन बंद पडला. तालुक्याच्या गांवीं पोंचेपर्यंत दिवस मावळला. तेथील कारागिरानें चार्जिंग जॅकांत एक बारीक काडी फिरवून कपड्याच्या तंतूंचा लगदा आणि वाळूचे दहा-वीस कण बाहेर काढले, आणि दोन मिनिटांच्या कामाचे पैसेहि घेतले नाहींत. ती वाळू कागदांवरचीच होती. ओली शाई टिपण्यासाठीं कोणा कारकुनानें पूर्वीं कधीं तरी टाकलेली वाळू रुमाल सोडतांच बैठकीवर झडली होती, आणि फोन आम्ही त्याच बैठकीवर ठेवीत होतों. दुसऱ्या दिवशीं दार उघडलें तें धाकट्या चिरंजीवांनीं; त्यांनीं नम्रपणें पण स्पष्ट नकार दिला. पुढील पावसाळ्यांत माळ्यावरचें छप्पर बसलें आणि रुमाल भिजून कुजले असें कळलें. तीनशें कागद वांचले, दीडशें गेले. आणि गेले ते एका काडीअभावीं.

या प्रसंगावरून जो सिद्धान्त आम्ही काढला तो असा: संशोधकाच्या पिशवींतील दुरुस्तीचीं साधनें फोन वांचविण्यासाठीं नसून नकला वांचविण्यासाठीं आहेत. हें एकदां ध्यानीं धरलें म्हणजे कोणतें साधन घ्यावें, कोणतें टाकावें, आणि कोणत्या वेळीं हात आवरावा, हें आपोआप ठरतें.

(१) न उघडतां होणारी दुरुस्ती

प्रवासांत उद्भवणारे पुष्कळसे बिघाड फोनाच्या पोटांत नसतात. ते त्याच्या तोंडाशीं असतात. वीज चढेनाशी झाली तर प्रथम केबल बदलावी, मग चार्जर बदलावा. केबल आंतून तुटलेली असते आणि दोष फोनास लागतो, असें वारंवार घडतें. म्हणून दुसरी केबल हें दुरुस्तीचें पहिलें हत्यार समजावें. दोन्ही बदलूनहि काम भागलें नाहीं, आणि केबल पूर्वीप्रमाणें खट्‌ करून आंत बसत नाहीं असें आढळलें, तर जॅकच्या तळाशीं कचरा ठासला आहे असें बहुधा समजावें. खिशांतील तंतु रोज थोडे थोडे आंत जातात आणि केबलच प्रत्येक वेळीं त्यांस दाबून घट्ट करते.

हा कचरा काढण्यास लाकडी किंवा प्लॅस्टिकचें दांतकोरणें उत्तम. फोन प्रथम पूर्ण बंद करावा, जॅकचें तोंड खालीं धरावें, विजेरीचा उजेड पाडावा, आणि कडेकडेनें हलक्या हातानें कचरा बाहेर ओढावा. टाइप-सी जातीच्या जॅकच्या मध्यभागीं एक पातळ जीभ असते व तिच्यावर विजेचे संपर्क बसविलेले असतात. ती वांकली कीं जॅक गेलाच. म्हणून सुई, टांचणी किंवा चिमटा यांतील कोणतीहि धातूची वस्तु आंत घालूं नये. तोंडानें फुंकर मारण्याची संवय आपणां सर्वांस आहे, तीहि सोडावी. फुंकरीबरोबर थुंकीचे कण आंत जातात, आणि कचरा बाहेर येण्याऐवजीं अधिक खोल बसतो.

पावसांत भिजलेल्या फोनास वीज जोडूं नये. ओल्या जॅकांत वीज खेळली कीं संपर्क गंजूं लागतात. फोन बंद करून, जॅकचें तोंड खालीं करून तळहातावर हलकेच आपटावा आणि वाऱ्यावर ठेवावा. तांदुळाच्या डब्यांत फोन पुरण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. त्यानें कोंडा व बारीक कण मात्र आंत शिरतात.

छायाचित्रें अस्पष्ट येऊं लागलीं कीं कॅमेरा बिघडला असें वाटतें. बहुतेक वेळां भिंगावर बोटाचा तेलकट ठसा असतो. चष्मा पुसण्याचें मऊ कापड त्यास पुरतें. धोतराचा सोगा किंवा सदऱ्याचें टोंक वापरूं नये, कारण त्यांत अडकलेली वाळू भिंगावर ओरखडे पाडते.

(२) आधीं नक्कल, मग दुरुस्ती

फोन हातांतून निसटून त्याची कांच फुटली, आणि पडदा दिसतो पण बोटास दाद देत नाहीं, असा प्रसंग आला तर घाबरून जाऊं नये. आंतील छायाचित्रें बहुधा सुखरूप असतात. फक्त त्यांच्याकडे जाण्याची वाट बंद झालेली असते. बहुतेक ॲन्ड्रॉइड फोनांस ओटीजी जोडणीनें संगणकाचा साधा तारेचा माउस लावला कीं पडद्यावर बाण उमटतो. त्यानें परवलीचे आंकडे टिपून फोन उघडतां येतो. दोन-तीन तोंडांचा लहान हब जवळ असेल तर एका तोंडास माउस व दुसऱ्यास पेन ड्राइव्ह लावून तेथल्या तेथें सर्व छायाचित्रें बाहेर काढतां येतात. पेचकसांची मोठी पेटी घेऊन हिंडणारे पुष्कळ आहेत. परंतु दप्तर शोधणारास त्या पेटीपेक्षां हा माउस व हब अधिक मोलाचे आहेत, असें आमचें मत आहे.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. फोन मेला तरी त्यांतील स्मरणाची चकती काढून दुसऱ्या यंत्रांत घालतां येईल, अशी कित्येकांची समजूत असते. जुन्या साध्या फोनांविषयीं ती कांहीं अंशीं खरी होती. हल्लींच्या फोनांत मजकूर सांकेतिक रूपानें सांठविला जातो, आणि त्या संकेताची किल्ली त्याच फोनाच्या मुख्य चकतीशीं बांधलेली असते. अर्थात् तो फोन, किंवा निदान त्याची मूळ पाटी, जिवंत झाल्यावांचून आंतील मजकूर वाचतां येत नाहीं. निराळें मेमरी कार्ड घालण्याची सोय असलेल्या फोनांत छायाचित्रें त्या कार्डावर उतरविण्याची व्यवस्था केली असेल, आणि तें कार्ड त्या फोनापुरतें बांधून घेतलेलें नसेल, तर मात्र तें काढून अन्यत्र वाचतां येतें.

यावरून नियम निघतो तो हा कीं, प्रत्येक रुमाल संपतांच त्याचीं छायाचित्रें पेन ड्राइव्हवर उतरावीं आणि मगच दुसरा रुमाल सोडावा. फोन कारागिराच्या हातीं देण्याचा प्रसंग आला तर आंतील छायाचित्रें पुसलीं जातां कामा नयेत असें त्यास आरंभींच बजावावें. “सॉफ्टवेअर मारावें लागेल” असें तो म्हणाला तर तेथेंच थांबवावें. कारण त्या कृतींत फोनांतील सर्व मजकूर साफ होण्याचा संभव असतो. त्याच्या दृष्टीनें फोन दुरुस्त होतो, आपल्या दृष्टीनें दप्तर जळतें.

(३) उघडण्याचीं हत्यारें

आतां पेचकसांचा विचार करूं. दहा-पंधरा वर्षांपूर्वीं पुष्कळ फोनांची पाठ नखानेंहि उघडे व बॅटरी बदलतां येई. पुढें पाठ कांचेची आणि डिंकानें चिकटविलेली येऊं लागली. अशी पाठ काढण्यास डिंक उष्णतेनें मऊ करावा लागतो, मग रबरी वाटी लावून ती किंचित् उचलून फटींत प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवावी लागते. हें काम वाड्याच्या सोप्यांत बसून करण्याचें नव्हे. ॲपलच्या आयफोनांच्या तळाशीं दोन बारीक स्क्रू असतात; त्यांच्या माथ्यावरची खांच पांच पाकळ्यांची असते. २०१६ सालीं निघालेल्या आयफोन ७ पासून आंतील बाजूस तीन टोंकांच्या खांचेचे स्क्रूहि येऊं लागले. अन्य पुष्कळ फोनांत आंतले स्क्रू साध्या अधिक-चिन्हाच्या खांचेचे पण अतिशय बारीक असतात. तेव्हां शंभर टोंकांची पेटी घेऊन हिंडण्यांत अर्थ नाहीं. आपल्या फोनास कोणतीं टोंकें लागतात तें घरींच पाहून तेवढीं दोन-तीन बरोबर घ्यावींत. चुकीचें टोंक घालून फिरविल्यास खांच गुळगुळीत होते, आणि मग तो स्क्रू योग्य टोंकासहि दाद देत नाहीं.

फोन उघडलाच तर दोन गोष्टी पाळाव्या. पहिली ही कीं, सर्वांत आधीं बॅटरीची जोडणी सोडवावी. वीज खेळत असतां चिमट्याचा चुकीचा स्पर्श मुख्य पाटी जाळूं शकतो. दुसरी गोष्ट पोथ्यांच्या संग्राहकांस सहज पटेल. सुट्या पानांची पोथी सोडतांना जसा आपण पानांचा अनुक्रम मोडूं देत नाहीं, तसाच स्क्रूंचा अनुक्रम मोडूं देऊं नये. फोनांतील स्क्रू दिसण्यांत सारखे असले तरी लांबींत थोडथोडा फरक असतो. आखूड स्क्रूच्या जागीं लांब स्क्रू पिळला तर तो खालच्या पाटींत शिरून तिच्या आंतील विजेच्या वाटा तोडतो. म्हणून कागदावर फोनाची आकृति काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागीं चिकटपट्टीनें लावून ठेवावा. एकदां उघडलेल्या फोनाची पाण्यापासून बचाव करणारी चिकट कड पूर्ववत् राहत नाहीं, हेंहि स्मरणांत असावें.

ज्यानें घरीं एखादा टाकाऊ फोन चार वेळां उघडून मिटलेला नाहीं त्यानें प्रवासांत आपला फोन उघडूं नये, हें आमचें स्पष्ट सांगणें आहे. मुख्य पाटीवरील डाग देण्याचीं कामें, पाणी शिरलेल्या पाटीची सफाई, तुटलेल्या जॅकची बदली, हीं कसबी कारागिराचीं कामें होत.

(४) फुगलेली बॅटरी

फोनाची पाठ उचललेली दिसली किंवा पडदा एका कडेनें वर आला तर आंतील लिथियम बॅटरी फुगली आहे असें समजावें. ती दाबूं नये, टोंचूं नये, आणि वीज तर मुळींच चढवूं नये. अशी बॅटरी फुटल्यास अतिशय उष्ण ज्वाळा निघतात. फोन बंद करून तत्काळ खोलीबाहेर, फरशीवर किंवा मोकळ्या दगडावर नेऊन ठेवावा. शेजारीं रुमाल पसरलेले असतां बॅटरीशीं झटापट करणें म्हणजे दप्तरास आपल्या हातानें आग लावणें होय. या एका बिघाडापुढें प्रवासी संशोधकाचें कोणतेंहि हत्यार उपयोगी नाहीं. दूर सरणें हाच उपाय.

(५) वाहनांतील निर्बंध

विमानानें जावयाचें असल्यास सुट्या बॅटऱ्या व पॉवर बँक अंगाबरोबरच्या पिशवींतच ठेवाव्या लागतात. मालाच्या कोठारांत जाणाऱ्या सामानांत त्या देतां येत नाहींत. त्यांची मर्यादा सामान्यतः १०० वॉट-तासांची आहे. २०,००० मिलिॲम्पिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबानें ७४ वॉट-तासांची भरते. म्हणजे ती चालते. पेचकस व चिमटे यांचें याच्या उलट आहे. तपासणीच्या ठिकाणीं ते काढून घेतले जाण्याचा संभव असल्यानें कोठारांतील सामानांत द्यावेत. संपर्क पुसण्यास कारागीर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. त्याची वाफ साध्या उष्णमानांतहि पेट घेते, आणि धोकादायक पदार्थ सोबत नेण्यास १९८९ च्या रेल्वे कायद्याचा प्रतिबंध आहे. संशोधकानें तें मुळींच बरोबर घेऊं नये. त्यास आणखीहि एक कारण आहे, तें पुढील कलमांत येईल.

(६) कागदांसन्निध पाळावयाचे आचार

फोनास जें हितकर तें कागदास हितकर असतेंच असें नाहीं. आपल्याकडील जुन्या कागदांची शाई बहुधा काजळ व डिंक यांची आहे. ती काळाच्या ओघांत फिकी पडत नाहीं, परंतु ओल लागली कीं फुटते व पसरते. यास्तव फोन पुसण्याचा कोणताहि द्रव कागदांच्या खोलींत उघडूं नये. फोन झाडण्याचा ब्रश कागदावर आणि कागद झाडण्याचा ब्रश फोनावर चालवूं नये. एकांत तेलकटपणा असतो, दुसऱ्यांत वाळू. फोन ठेवण्यास निराळें पांढरें फडकें बैठकीपासून हातभर दूर अंथरावें. झडलेली वाळू फुंकून टाकूं नये. रुमाल झाडण्यापूर्वीं फोन बाजूस ठेवावा, एवढें केलें तरी अर्धे बिघाड टळतील. घरवाल्यांच्या देखत पेचकस व पट्ट्या मांडून बसणेंहि बरें नव्हे. हा गृहस्थ आमच्या वस्तूंची मोडतोड करावयास आला आहे कीं काय, असा संशय मनांत आला म्हणजे पुढचा रुमाल माळ्यावरून खालीं येत नाहीं.

(७) याद

वरील विवेचनास अनुसरून आम्ही हल्लीं जें बाळगतों त्याची याद येणेंप्रमाणें:

१. केबली दोन, चार्जर एक.
२. पॉवर बँक एक, २०,००० मिलिॲम्पिअर-तासांची.
३. दांतकोरणीं लाकडी, दहा-बारा.
४. मऊ केसांचा लहान ब्रश एक, केवळ फोनासाठीं.
५. भिंग पुसण्याचें कापड एक.
६. सिम काढण्याची टांचणी एक.
७. ओटीजी हब एक, तारेचा माउस एक, पेन ड्राइव्ह दोन.
८. आपल्या फोनास लागणारीं पेचकसाचीं टोंकें व मूठ, प्लॅस्टिकच्या पट्ट्या दोन, चिमटा एक.
९. लहान विजेरी एक.
१०. पांढरें फडकें, कोरा कागद, पेन्सिल व चिकटपट्टी.

हें सर्व लहान पोथीच्या आकाराच्या पिशवींत मावतें. कलम ८ मधील हत्यारें आम्ही आजवर प्रवासांत एकदांहि वापरलेलीं नाहींत. कलम १, ३ व ७ मधील वस्तु वापरल्या नाहींत असा प्रवास क्वचितच झाला असेल. यावरून कोणास काय वाटावयाचें तें वाटो. आम्ही मात्र यादींतील अनुक्रमासच महत्त्वाचा अनुक्रम मानतों.

यंत्रे बदलतील, स्क्रूंच्या खांचा बदलतील, आणि ही यादहि कांहीं वर्षांनीं जुनी होईल. युरोपीय संघानें २०२३ सालीं केलेल्या नियमांत, फोनासारख्या यंत्रांतील बॅटरी वापरणारास स्वतः काढतां यावी यासाठीं १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरविली. त्याचा परिणाम इकडील फोनांवर झाल्यास कलम ८ चा उपयोग वाढेल. परंतु ज्या वाड्याचें दार एकच दिवस उघडतें, तेथें यंत्र बंद पडलें म्हणून दुसरा दिवस मिळत नाहीं, ही गोष्ट बदलण्यासारखी नाहीं. सातारा जिल्ह्यांतील त्या दोन रुमालांपैकीं दीडशें कागदांत काय होतें हें आतां कोणासहि कळावयाचें नाहीं. ज्या संग्राहकांस पुढील हंगामांत बाहेर पडावयाचें असेल त्यांनीं निघण्यापूर्वीं पिशवींत निदान दोन दांतकोरणीं आणि एक जादा केबल टाकावी, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करतों.